मोरचुदाची खळ

आमच्या ह्यांना पोलिसांनी नेलं ते शेळीच्या साक्षीवरून. हसताय काय? त्या दिवशी मी हसले असते तर मलाही नेलं असतं.

आणीबाणीचं दुसरं वर्ष चाललं होतं. सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचा छापखाना, पुढं मशीन आणि मागं आम्ही राहायला. लग्नपत्रिका, सिनेमाची हँडबिलं, टॉवेलच्या पाकिटावरची लेबलं, असली कामं. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गल्ली त्यांना शिवयोगी म्हणते आणि स्वभावही तसलाच. समोरचा जोरात शिंकला तरी "माझं चुकलं" म्हणणारा माणूस. मशीन ते चालवायचे; कागद कापणं, घड्या घालणं, खळ शिजवून चिकटवणं माझ्याकडं. आणि आम्हा दोघांवर देखरेखीला माझी सासू काशम्मा. आम्ही सासूला अत्ती म्हणतो. अत्तीला लिहाय-वाचायला येत नव्हतं, गुडघे कामातून गेले होते, पण जीभ शाबूत होती. माझ्या खळीत एक गुठळी निघाली तर ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

त्या वर्षी गावात पोस्टरं लागायची. सरकारी नव्हे, 'कमी बोला, जास्त काम करा'ची ती तर ढिगानं होती. ही दुसरीच. हातानं केलेली, एका वेळी एकच. पहिलं लागलं ते खुर्चीच्या लग्नाचं. जाहिरातीतली गुबगुबीत खुर्ची, तिला मुंडावळ्या, चारी पायांत पैंजण. शेजारी नवरदेव म्हणून शिंप्याची कात्री, फेटा बांधून उभी. खाली मजकूर: 'आमचे येथे वरच्या हुकमावरून खुर्ची व कात्री यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे. आपली उपस्थिती सक्तीची. आहेरात जीभ आणावी.' अक्षरं सगळी कापून चिकटवलेली. एक बारकं, एक मोठं, एक सिनेमाच्या हँडबिलातलं, एक तुपाच्या डब्यावरचं. दुसऱ्या पोस्टरात रेल्वे स्टेशन होतं. घड्याळाच्या जागी नटीचा डोळा, आणि गाडीच्या खिडक्यांतून माणसांऐवजी कुलपं बाहेर बघतायत. 'गाडी वेळेवर. माणसं कुठं?' लोक थांबून बघायचे, भिंतीपाशी हसायचे नाहीत, घरी जाऊन हसायचे.

ती पोस्टरं मी करत होते.

का, ते ऐका. माझा धाकटा भाऊ बिरप्पा मैंदर्गीहून येऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर कामाला लागला होता. लग्न ठरलेलं, पत्रिका आमच्याच मशीनवर चढायची होती. एक दिवस सायकलवरून कामाला जाताना त्याला रस्त्यात अडवून गाडीत कोंबलं, कॅम्पात नेलं आणि ऑपरेशन करून टाकलं. नसबंदीचं! लग्न न झालेल्या पोराचं! वरून हातात तुपाचा डबा दिला. मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. तो डबा छातीशी धरून पोरगं माझ्या दारात उभं राहिलं, आत ये म्हणलं तर येईना. मेल्यांनो, तुमचं वाटोळं होवो, असं ओरडावंसं वाटलं मला. पण ओरडायचं कुणापुढं? पेपर गप्प. छापायचं म्हणलं तर पोलिसांनी गावातल्या झाडून सगळ्या छापखान्यांच्या टाइपाचे ठसे नेलेले. कुणाचा 'क' मोडका, कुणाचा 'श' झिजका. छापलं की घर सापडलंच. मग मी त्या डब्यावरचा कागद सोलला आणि कात्री हातात घेतली.

ह्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते स्वतःच जाऊन चौकीत बसले असते. कापलेले तुकडे मी पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, सगळ्यात वरच्या फळीवर. स्टुलावर चढल्याशिवाय तिथं हात पोचत नाही, आणि अत्तीला उंबरा ओलांडायलाही भिंत धरावी लागायची. पहाटे दुधाला जाताना घडी निऱ्यांत खोवायची, खळ वाटीत, पदराखाली. भिंतीवर चार बोटं फिरवली की काम झालं.

आता शेळीचं सांगते. सोलापुरात भिंतीवरचं पोस्टर म्हणजे शेळ्यांची न्याहारी. पिठाची खळ त्यांना लई गोड लागते. सोजरबाईची काळी शेळी तर नामांकित होती, सकाळी लावलेलं सरकारी पोस्टर दुपारी तिच्या पोटात. पण माझं एकही तिनं खाल्लं नाही. मला वाटायचं, जनावरालासुद्धा कळतंय की! कसलं काय. नवीन आलेला फौजदार हुशार निघाला. मंडईच्या भिंतीपाशी उभं राहून त्यानं बघितलं, शेळीनं अलीकडचं खाल्लं, पलीकडचं खाल्लं, मधल्या माझ्या पोस्टराला हुंगलं आणि नाक मुरडून पुढं गेली. त्यानं नखानं खळ खरवडली. निळसर निघाली.

मोरचूद! बाइंडिंगच्या खळीत आम्ही चिमूटभर मोरचूद टाकतोच, मग उंदीर-झुरळं कागदाला तोंड लावत नाहीत. हात आपोआप जातो, आमटीत मीठ टाकायला जातो तसा. अक्षरं लपवायला मी जिवाचा आटापिटा केला, आणि प्रत्येक पोस्टराच्या पाठीला आमच्या छापखान्याचा पत्ता लावून बसले.

एकेक छापखाना धुंडाळत फौजदार आमच्याकडं आला तेव्हा मोरचुदाची पुडी फळीवर समोरच होती. त्यानं ती खिशात घातली. मग सावकाश सगळीकडं बघितलं. भिंतीवर माझे सासरे वीरभद्रप्पा यांचा फोटो होता. कोट, फेटा, धोतर, स्टुडिओतल्या खुर्चीवर ताठ बसलेले, डावा हात गुडघ्यावर. त्या हाताची दोन बोटं अर्धीच, मशीननं घेतलेली. त्यांचा आयुष्यातला एवढा एकच फोटो. अत्ती रोज पदरानं काच पुसायची, फूल वाहायची, आणि घास घेण्याआधी एकदा तिकडं बघायची.

"हे कोण?" फौजदारानं विचारलं.

"माझे वडील," हे म्हणाले.

"बोटं कुठं गेली?"

"मशीननं खाल्ली," अत्ती आतून म्हणाली. "कष्टाची माणसं हाव आमी, सायेब."

फौजदार हसला आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. उद्या संध्याकाळच्या गाडीनं येरवडा. मिसाखाली. कधी सुटणार ते मला विचारू नका, मलाही माहीत नसतं."

हे "माझं चुकलं" एवढंच म्हणाले, सवयीनं! त्या दोन शब्दांनीच ते जन्माचे आत गेले असते. मी तोंड उघडलं, सांगणारच होते की बाबा, मी केलंय. तेवढ्यात अत्तीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली.

"सुम्न कूड!" ती कानडीत खेकसली, गप बस म्हणून. आणि फौजदाराला म्हणाली, "हिला फिट येती, सायेब. हिच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नगा."

ह्यांना घेऊन ते गेले, आणि दारात महिपती नावाचा हवालदार बसवून गेले. मी चुलीपुढं बसून विचार केला. येरवड्याला गेलेला माणूस हा नव्हेच. तिथं पहिल्याच आठवड्यात झुरून मरायचा. एकच वाट दिसत होती. हे आत असताना बाहेर नवीन पोस्टर लागलं, तर करणारा दुसराच कुणीतरी मोकळा आहे हे उघड होईल. भाकरी भाजता भाजता मी पोस्टर जुळवलं. अत्ती जपाला बसली होती, पाठ माझ्याकडं. मध्येच म्हणाली, "चुलीपुढं कागुद कशाला गं?" मी म्हणलं, जाळ लावायला. ती काही बोलली नाही. अत्ती काही बोलली नाही म्हणजे काय ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण डोकं ठिकाणावर कुठं होतं माझं.

पहाटे किटली घेऊन निघाले तर महिपती उठून उभा. "वैनी, मला बी तुमच्यासंगं यावं लागतंय. सायबाचा हुकूम हाय."

"दूध आणायला हवालदार लागतो व्हय रे?"

"काय करू वैनी, नोकरी हाय."

दूध केंद्रापर्यंत पाठोपाठ आला, परत येतानाही पाठोपाठ. प्रत्येक भिंत माझ्याकडं बघत होती आणि मला हात वर करता येत नव्हता. निऱ्यांतलं पोस्टर घामानं भिजून लगदा झालं. घरी आले तर अत्ती देवाला निघालेली, हातात तांब्या, फुलांची परडी. रोज सिद्धेश्वराला जायची ती, भिंती धरत धरत. महिपतीनं स्वतः हात देऊन तिला पायरी उतरवली. "जपून आज्जी," म्हणाला.

मी चौकीत जायचं ठरवलं. दुपारपर्यंत वाट बघायची, मग जाऊन सांगायचं, मी केलंय, माझ्या नवऱ्याला सोडा. लुगडं बदललं, कपाळाला विभूती लावली. अत्ती परत येऊन दम खात बसली होती. तिच्या पाया पडले तर म्हणाली, "कुटं निघालीस नटून?" तेवढ्यात एक शिपाई सायकल फेकून पळत आला. "महिपती! मंडईत चल! नवीन लागलंय!"

नवीन? माझं तर इथंच, सोडलेल्या लुगड्यात, लगदा होऊन पडलेलं.

"चल," अत्ती भिंत धरून उठली. "भाजी आणायचीय."

"आत्ता?"

"मग काय रातीला? चल म्हनते नव्हं!"

मंडईत माणसांची भिंतच झाली होती. अत्तीनं कोपरानं वाट काढली, मी मागं. आणि मी बघितलं.

खुर्चीवर एक माणूस बसला होता. डोक्याच्या जागी कुलूप, माझ्या पापडाच्या डब्यातलं, स्टेशनच्या पोस्टरातून उरलेलं. खुर्चीखाली नटीचे ओठ, भले मोठे, खुर्ची गिळायला निघाल्यासारखे. भोवती अक्षरं, पण कशी? काही उलटी, काही आडवी, 'ळ'च्या डोक्यावर '९', 'ठ' पालथा. ज्याला अक्षर म्हणजे चित्रच, त्याच्या हातची. आणि माणसाच्या अंगात कोट, धोतर, आणि गुडघ्यावर डावा हात. दोन बोटं अर्धीच.

अगं आई गं! मी तोंडात पदर कोंबला.

अर्ध्या मंडईच्या लग्नाच्या पत्रिका त्या हातानं दिल्या होत्या. सगळ्यांनी ओळखला होता. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

फौजदार पोस्टराला नाक लावून उभा होता. "ही सांकेतिक भाषा आहे," तो म्हणाला. "महिपती, जसंच्या तसं उतरून घे. पालथं ते पालथंच काढ." महिपती मान वाकडी करून अक्षरं काढू लागला. फौजदाराची नजर मात्र खाली सरकली आणि त्या हातावर थांबली.

"हा हात मी कुठंतरी बघितलाय."

त्यानं वांगीवाल्या निंगप्पाला पुढं ओढलं. "हा हात ओळखतोस?"

"आमी गिऱ्हाइकाचं तोंड बघतो सायेब, हात न्हाय बघत."

"तू गं?" सोजरबाईला विचारलं. ती शेळीची दोरी हाताला गुंडाळून उभी होती. "मला दिसतंय कुटं, सायेब. मोतीबिंदू हाय."

"ठीक आहे," फौजदार म्हणाला. "समोरच्या दुकानातून फोन करतो, फोटोग्राफर येऊ दे. ह्या हाताचा फोटो घरोघर फिरवतो. बघू किती जणांना मोतीबिंदू झालाय. महिपती, कुणाला जवळ येऊ देऊ नकोस." तो गर्दीतून निघून गेला.

फोटोग्राफर आला की संपलं. आज ना उद्या फौजदाराला आमची भिंत आठवणार, आणि मग ह्यांच्याबरोबर म्हातारीसुद्धा. मी अत्तीकडं बघितलं. ती फोटोतल्या त्या हाताकडं बघत होती, जेवणाआधी बघायची तशीच. मग ती सोजरबाईकडं वळली, एकदम नेहमीच्या आवाजात.

"सोजरे, शेळीला उपाशी मारतीस व्हय गं? सोड की तिला."

सोजरबाईनं अत्तीकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले. मोतीबिंदू कसला न् काय. तिनं हातातली दोरी सैल सोडली.

महिपती उलटा 'ठ' काढण्यात गुंग होता. शेळी त्याच्या पायांमधून भिंतीपाशी गेली. हुंगलं. नाक मागं घेतलं. मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हाका मारत होते. अत्तीनं कुठली खळ वापरली असेल? माझ्या पातेल्यातली असली तर ही शेळी आत्ता तोंड फिरवणार, आणि घर बुडणार. शेळीनं पुन्हा हुंगलं. जीभ लावली. आणि एक कोपरा धरून टर्रकन ओढला.

आधी ओठ खाल्ले, मग खुर्चीचे पाय, मग धोतर. माणसं हळूच सरकून तिच्यापुढं आडोसा करून उभी राहिली. भाजी निवडायला लागली मेली, जिथं भाजी नव्हती तिथं. अत्तीचा हात माझ्या खांद्यावर होता. शेळी गुडघ्यापाशी आली, हातापाशी आली, तेव्हा अत्तीची नखं माझ्या मांसात रुतली. तिनं तोंड फिरवलं नाही. सगळं बघितलं. "खा बाई, खा," एवढंच पुटपुटली.

"अरे! अरे हाणा तिला!" फौजदार ओरडत पळत आला. पोस्टर ओढायला गेला तर हातात कुलूप आणि पालथा 'ठ' आला. बाकी सगळं शेळीच्या तोंडात फिरत होतं, कोटाची बाही ओठातून बाहेर. तीही आत गेली. त्यानं महिपतीला शिव्यांची लाखोली वाहिली. शेळीकडं बघत राहिला. भिंतीवरची खळ बोटानं पुसली, डोळ्यांपुढं धरली. पांढरीशुभ्र. हुंगली. जिभेला लावली.

"ही तर आंबील आहे."

"व्हय सायेब," महिपती म्हणाला, "ज्वारीची. मीठ बी असंल. आमच्या घरात बी रोज असती."

"गप्प बस!"

बिचाऱ्या फौजदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खळीवरून गुन्हेगार धरला, असं त्यानं वर कळवून टाकलेलं. मोरचूद म्हणजे छापखाना, छापखाना म्हणजे शिवयोगी. आणि इथं शिवयोगी आत असताना नवीन पोस्टर, आंबिलीनं डकवलेलं, शेळीनं चवीनं खाल्लेलं. आंबिलीवरून धरायचं म्हणजे अर्धं सोलापूर गाडीत घालावं लागलं असतं. शेवटी काहीतरी धरून न्यायला हवं म्हणून त्यानं पुरावा म्हणून शेळीच चौकीत नेली. सोजरबाई मागून बोंब मारत गेली, "माझ्या शेळीला मिसा लावला गं बाई!" तेव्हा मात्र मंडई हसली, मोठ्यानं, सगळ्यांपुढं.

घरी आले तर फळीखाली स्टूल होतं आणि पापडाच्या डब्यावर आंबिलीची बोटं उमटली होती. मी दुधाला गेलेल्या तेवढ्या वेळात त्या गुडघ्यांनी ती वर कशी चढली, ते तिचं तिला ठाऊक. खळ तांब्यात नेली होती, देवाच्या पाण्याच्या तांब्यात. फोटोच्या चौकटीवर मोठा हार होता, चांगला खालपर्यंत. मी तो उचलून बघितला आणि तिच्या पायांवर पडून मोठ्यानं रडले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "पुढच्या बारीला खळ मी करून देते. तुझ्या खळीत गुठळ्या असत्यात."

येरवड्याची गाडी सुटायच्या वेळेला हे घरी आले, चपला हातात घेऊन. कुणी मारलं नव्हतं; 'मोरचूद ठेवत जाऊ नका' एवढा दम दिला होता, आणि ह्यांनी "माझं चुकलं" म्हणून कान धरले होते. हातपाय धुऊन नेहमीसारखे वडिलांच्या फोटोपुढं गेले, वाकले. हार जरा तिरका दिसला म्हणून सरळ करायला गेले आणि तसेच उभे राहिले. चौकटीत पुठ्ठ्यावर नुसतं डोकं होतं, फेटा बांधलेलं, आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"अव्वा," हे म्हणाले, "अप्पाचं धड कुटं गेलं?"

अत्ती भाकरी थापत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"सोजरबाईच्या शेळीनं खाल्लं," ती म्हणाली. "तू जेव आधी."